शेषराव मामांची तिसरी किक

आमच्या घरात मोटारसायकल आपोआप बिघडत नाही. ती क्रमवार, वेळेवर आणि वहीत बरोबरची खूण करून बिघडवली जाते.

हे खातं माझ्याकडे आहे. घरातली बहुतेक खाती माझ्याकडेच आहेत, कारण याद्या माझ्याकडे आहेत. कोठीच्या दारावर धान्याची यादी, देवघरात सणांची, औषधांच्या डब्यात औषधांची. माझ्या लग्नात मिळालेल्या भांड्यांची यादीसुद्धा अजून जपून ठेवली आहे. त्यातला सतरा क्रमांकाचा पितळी डबा आजतागायत सापडलेला नाही. (माझा संशय कोणावर आहे, तेही शेजारी लिहून ठेवलं आहे.)

आमचं गाव आसेगावच्या अलीकडे. वाशिमला जायला तासभर लागतो. घरात आम्ही तिघं: मी, गावच्याच शाळेत शिकवणारे आमचे हे आणि मुलगी पल्लवी. हे दिवसाला साधारण चार वाक्यं बोलतात, कोणतंही वाहन चालवत नाहीत आणि शाळेत पायी जातात. गाडी आहे ती पल्लवीची. "स्कुटी घे," असं मी तिला परोपरीने सांगितलं होतं. तिने मोटारसायकलच घेतली.

ती घेण्यापूर्वी मी रीतसर तक्ता केला होता. डावीकडे कार्बोरेटर, उजवीकडे इंजेक्शन, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पाजायची जुनी तऱ्हा आणि नवी. थंडीत लवकर चालू होणे, ॲव्हरेज, वारंवार करावं लागणारं ट्युनिंग आणि गावात दुरुस्ती होणे, असे चार मुद्दे. इंजेक्शन तीन विरुद्ध एकने जिंकलं. पाचवा मुद्दा होता 'बरेच दिवस उभी ठेवणे'. त्यापुढे मी लिहिलं, 'अनुभव घेऊन ठरवू.'

अनुभव शेजारीच राहत होता. त्याचं नाव शेषराव मामा.

मामा आणि मामी दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. तेवढे पाच-सहा महिने मामांची गाडी आमच्या टिनाच्या शेडमध्ये उभी असते. गाडी पल्लवीपेक्षा वयाने मोठी. रंग कोणता होता, यावर खुद्द मामा-मामींचंच एकमत नाही. पण परत आल्यावर मामा टाकीत पेट्रोल ओतणार, कॉक उघडणार, चोक ओढणार आणि किक मारणार. पहिली किक ओळख द्यायला, दुसरी हालहवाल विचारायला, तिसरीला गाडी चालू! दरवर्षी तिसरीलाच. आमच्या गल्लीत यावर पैज लागत नसे, कारण तिसऱ्या किकेच्या विरुद्ध बाजूला उभं राहायला कोणी तयारच नसे.

मी जगातल्या फार कमी गोष्टींचं मनापासून कौतुक करते. (तीही यादी आहे. लहान आहे.) मामांची तिसरी किक त्या यादीत बरीच वर आहे. सहा महिने अंधारात, धुळीत उभं राहून तिसऱ्या हाकेला ओ देणारं माणूससुद्धा मी पाहिलेलं नाही!

त्या वर्षी पल्लवी नर्सच्या नोकरीच्या परीक्षेची तयारी करायला अमरावतीला माझ्या भावाकडे जाणार होती. म्हणजे तिचीही गाडी सहा महिने शेडमध्येच राहणार. मग मी ठरवलं, या वर्षी शेषराव मामांची सगळी पद्धत लिहून घ्यायची. मामा गाडी ठेवायला आले, तेव्हा मी वही घेऊन हजर.

"मामा, सावकाश करा. मी लिहून राह्यली."

"यात लिवाचं काय हाय, सुनबाई? हाताले मालूम हाय."

"हाताचं मले वाचता येत नाही. तोंडानं सांगा."

मामांनी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. थोड्या वेळाने गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली. मग त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाचा स्क्रू ढिला केला आणि त्यातले उरलेसुरले थेंब बाटलीच्या झाकणात धरले. "हे पाय. इतकंसं राह्यलं तरी त्याचा डिंक होते. मंग सहा महिन्यांनी बारीक भोकं बुजतात आन लोकं म्हणतात, गाडी खराब. आजकालचं पेट्रोल तर लयच लवकर बिघडते." मग टाकी रिकामी. मग प्लग काढून आत चमचाभर ऑइल आणि दोन हलक्या किका. मग बॅटरी काढून घरात. गाडी डबल स्टँडवर. शेवटी उंदीर आणि माश्या आत जाऊ नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि वर सुतळीची गाठ. एकूण आठ क्रमांक झाले. आठव्याला पान संपलं.

"आता हेच सगळं पल्लवीच्या गाडीलेही करतो," मी म्हटलं.

मामा थबकले. "पाय बाई, हे माह्या म्हातारीचं पथ्य हाय. तुमची गाडी इंजेक्शनवाली. तिच्या पोटात काय हाय, मले मालूम नाही. थे तिच्या पुस्तकात पाहा."

मी वहीत समासात लिहिलं: 'मामा. स्वभाव विनम्र.' आणि पुस्तक पाहिलं नाही.

मामा गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पल्लवीची गाडी हातात घेतली. क्रमांक एक: पेट्रोलचा कॉक बंद करणे. कॉक सापडेना! टाकीखाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, आडवं पडून पाहिलं.

"अहो, कॉक सापडत नाही."

"नसेल," हे म्हणाले.

"असं कसं? यादीत आहे!"

यांची त्या दिवसाची वाक्यं संपलेली असावीत. मी मग व्यवहारी मार्ग काढला. कॉक नसला तर नसला, टाकीत पेट्रोलच शिल्लक ठेवायचं नाही! गाडी शेडमध्ये चालू करून सोडून दिली. टाकीत किती पेट्रोल होतं, हे पाहायला हवं होतं. गाडी दुपारी लावली ती दिवेलागणीला बंद पडली. शेजारच्या गोठ्यातली म्हैस इतकी वैतागली, की तिने दोन दिवस पान्हा चोरला. पण टाकी ठणठणीत कोरडी! बरोबरची खूण.

क्रमांक आठला, म्हणजे सायलेन्सरच्या पिशवीला, मी एक छोटी सुधारणा केली. ती कोणती, ते पुढे येईलच. त्या वेळी ती मला इतकी आवडली, की मी मामांच्या गाडीचीही पिशवी सोडली, तीच सुधारणा तिलाही केली आणि पिशवी परत नीट बांधून टाकली. पान संपलं होतं म्हणून ही नोंद मागच्या बाजूला केली.

उन्हाळा आला. पल्लवीची परीक्षा वाशिमला होती. सकाळी साडेनऊला गेट बंद, मग कोणालाही आत घेणार नाहीत, असं हॉलतिकिटावर ठळक लिहिलेलं. ती आदल्या संध्याकाळी अमरावतीहून आली. योगायोगाने मामा-मामीही त्याच संध्याकाळी परतले.

"आई, सकाळी एस.टी.नं जातो मी," पल्लवी म्हणाली.

"कायले? गाडी तयार हाय. वहीत आठही खुणा आहेत."

"चालू करून पाह्यली?"

"पेट्रोल सकाळी येईल. तू बिनघोर झोप."

सकाळी पावणेसातला एस.टी. आली. कंडक्टरने दारातून हाक दिली, "वाशिम हाय काय कोणी?" मी अंगणातून मोठ्या रुबाबात हात हलवला. "जाऊ द्या! आमची गाडी हाय."

एस.टी. गेली. त्यानंतर थेट अकराला.

सात वाजता यांनी बाटलीतून पेट्रोल ओतलं. मी बॅटरी बसवली. पल्लवीने किल्ली फिरवली. आतून 'गुंईं' असा आवाज आला, इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तिने बटन दाबलं. कुर्र, कुर्र, कुर्र. पुन्हा दाबलं. कुर्र, कुर्र. चालू व्हायचं नाव नाही.

पल्लवीने हळूच विचारलं, "आई, तू टाकी कोरडी केली होती काय?"

"पूर्ण! थेंब ठेवला नाही," मी अभिमानाने म्हटलं.

"आई! हिचा पंप टाकीतच असते, पेट्रोलात बुडून! पेट्रोलच त्याले थंड ठेवते. इंजेक्शनची टाकी भरून ठेवाची असते!"

"मामा तर रिकामी करतात."

"मामाची कार्बोरेटरची आहे!"

एवढं मोठ्याने बोलणं झाल्यावर गल्ली जमणारच. सर्वांत पुढे बंडूभाऊ. बंडूभाऊंकडे स्वतःची गाडी नाही, त्यामुळे सर्व गाड्यांबद्दल त्यांचं मत निःपक्ष असतं.

"इंजेक्शन म्हंजे कसं हाय वहिनी, मोबाइलसारखं हाय. हाय तवरी फस्सकलास. गेलं का गेलं."

मागून कोणीतरी म्हणालं, "काहून? माह्या साळ्याची इंजेक्शनची हाय. चार वर्सं झाली, पाना लागला नाही तिले!"

"ठेवली व्हती काय त्यानं सहा महिने बंद?"

"थो कायले ठेवन? त्याले दुसरं वाहनच नाही!"

अंगणात दोन पक्ष पडले. कार्बोरेटर पक्ष पारिजातकाखाली, इंजेक्शन पक्ष पायऱ्यांवर. डिंक, पंप, बॅटरी, जुनं पेट्रोल असे एकेक मुद्दे इकडून तिकडे फेकले जाऊ लागले. माझ्या तक्त्यात नव्हते असेही दोन मुद्दे निघाले. (मी ते लिहून घेतले. सवय!) मग दोन्ही पक्षांनी एकजुटीने गाडी मारुतीच्या पारापर्यंत ढकलत नेली, उतारावरून सोडली आणि तितक्याच एकजुटीने चढावर ढकलत परत आणली. बॅटरीचा आवाज आता कुर्र वरून कुं वर आला होता.

पावणेआठ वाजले. चालत्या दुचाक्या सकाळीच कामाला निघून गेलेल्या. गावात चारचाकी दोन. एक शेगावला गेलेली, दुसरी पाराजवळच विटांवर उभी.

पल्लवी पायरीवर बसली. मांडीवर हॉलतिकिटाची प्लास्टिकची फाइल. दोन वर्षं ती पोरगी अभ्यास करत होती, पोळ्या लाटतानासुद्धा समोर पुस्तक टेकवून. ती माझ्यावर ओरडली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त फाइलीची चेन उघडत होती आणि लावत होती. मी तिच्यासाठी केलेल्या दही-साखरेची वाटी सातपासून हातात धरून उभी होते, कारण ती कुठे ठेवावी हे मला सुचत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचा क्रमांक माहीत नव्हता.

तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून मामा आले. सहा महिने ऊस तोडून आदल्या संध्याकाळी घर पाहिलेला माणूस. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"काहून बसली व बाई?"

पल्लवीने गाडीकडे बोट दाखवलं.

"बस्स इतकंच? ऊठ. माह्या गाडीवर सोडून देतो तुले. तीन किकात निंगतो."

सगळी गर्दी शेडकडे. मामांनी गाडी बाहेर काढली, सायलेन्सरवरच्या पिशवीची सुतळी सोडता सोडता थांबले. "ही गाठ माही नाही."

"थे... सैल झाली होती," मी म्हटलं. "मी परत बांधली."

मामांनी पेट्रोल ओतलं. कॉक उघडला. चोक ओढला. इंजेक्शन पक्षसुद्धा जागेवरून उठला.

पहिली किक. ओळख.

दुसरी किक. हालहवाल.

तिसरी किक.

काही नाही.

म्हैस रवंथ करत होती, तेवढं ऐकू येत होतं. मामांनी चौथी मारली. पाचवी मारली. मग टॉवेलने तोंड पुसलं आणि गाडीकडे पाहिलं. आजारी घरच्या माणसाकडे पाहावं, तसं पाहिलं. "असं कदीच केलं नाही तिनं," ते इतक्या हळू म्हणाले, की मला वाटलं आता वहीच फाडावी.

बंडूभाऊंनी उसासा सोडला. "चला, कार्बोरेटरचाही जमाना गेला."

ते वाक्य मामांना झोंबलं असावं. त्यांनी चपला काढल्या. किकवर दोन्ही पायांनी उभे राहावं तसे चढले आणि अंगातला सगळा ऊस खाली उतरवला.

धडाऽऽम्!

माणसं खाली बसली. म्हैस उठली. सायलेन्सरमधून काहीतरी काळं, धुरकट, तोफेच्या गोळ्यासारखं सुटलं आणि थेट माझ्या हातातल्या दही-साखरेच्या वाटीत येऊन पडलं. दही माझ्या चष्म्यावर, साखर बंडूभाऊंच्या मिशीवर. आणि मागून मामांची गाडी, फट्-फट्-फट्-फट्, जणू काही झालंच नाही!

सगळे वाटीत डोकावले. दह्यात एक बोळा धुपत होता. यांनी तो चिमटीत धरून उचलला आणि फाडला. वरून काळा, आतून पांढराशुभ्र. मध्ये सरकी.

"हा आपला कापूस आहे," हे म्हणाले.

मी वाटी पदराआड घेतली.

"वही आण."

यांचं त्या दिवसाचं हे दुसरंच वाक्य होतं, पण ते चारांच्या वजनाचं होतं. मी वही आणली. पान उलटलं. मागच्या बाजूला माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'क्र. ८, सुधारित. प्लास्टिक उंदीर कुरतडतात. सबब घरचा कापूस लाटण्याच्या टोकाने सायलेन्सरमध्ये घट्ट ठासणे. बाहेरून दिसता कामा नये. दोन्ही गाड्या.' पुढे बरोबरची खूण. आणि त्याखाली: 'वापरापूर्वी काढण्यास विसरू नये.' पुढे काहीच नाही.

(ओसरीवर त्या दिवाळीत कापसाचा ढीग छतापर्यंत गेला होता. वऱ्हाडातल्या बाईला असा ढीग डोळ्यांसमोर असताना कुठलंही भोक उघडं दिसलं, तर ती काय करणार?)

आता मामा काय म्हणतात, या भीतीने मी चष्मा पुसतच राहिले. मामा मात्र हसायला लागले होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हंजे माही गाडी चुकली नव्हती! अहो, तोंडात बोळा घातला व्हता तिच्या, तरी थो थुकून देल्ला न बापा तिनं! चाल व बाई, बस."

पल्लवी उठली, फाइल ओढणीला बांधली, बसली. वळणावरून तिने एकदा मागे पाहिलं. तिला माझ्याकडे पाहून हसायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण माझ्या कपाळावर दही होतं. तिचा नाइलाज झाला.

सव्वाआठ वाजले होते.

ते गेल्यावर मी जमिनीवर बसले आणि पल्लवीच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये चिमटा घातला. बोळा निघता निघेना. (ठासण्याचं काम मी मन लावून केलं होतं.) अखेर निघाला. मरत आलेल्या बॅटरीवर, फारशी आशा न धरता बटन दाबलं. कुं, कुं... आणि गाडी चालू! ना खोकला, ना धूर. म्हशीच्या कानावर जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात ती गुणगुणत राहिली. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा विझला.

मला तिचंही कौतुक वाटलं. मी तिला उपाशी मारलं, तिचा पंप कोरडा ठेवला, तोंडात कापूस कोंबला, उतारावरून ढकललं. तिने कोणाच्या वाटीत काही फेकलं नाही. मामांची गाडी अन्याय झाला की थुंकते, ही दिवा लावून बसते. दोघीही सहा महिने जशाच्या तशा राहिल्या होत्या. सकाळपासून अंगणात झालेल्या सगळ्या चर्चेत दोष कार्बोरेटरचाही नव्हता आणि इंजेक्शनचाही नव्हता. तिसरी शक्यता वाटी धरून उभी होती.

मामा संध्याकाळी पल्लवीला घेऊनच परत आले. दिवसभर ते परीक्षेच्या गेटबाहेर लिंबाखाली गाडीला टेकून बसले होते.

"पोचले ना वेळेवर?" मी धावत विचारलं.

"गेट लावूनच राह्यला व्हता थो चौकीदार. म्या लांबूनच हॉर्न देल्ला. हॉर्न वाजला नाही, पण गाडीच आयकू आली त्याले." मामांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला. "मंग बाहीर येऊन पुसते, मामा, हिचे पार्ट भेटतात काय आता? म्या म्हटलं, पार्ट लागतच नाही हिले. सालातून एक डाव थोडासा कापूस लागते."

पल्लवी त्या परीक्षेत पास झाली. नोकरी लागली. नेमणुकीच्या गावाला रुजू होण्यापूर्वी, दिवाळीनंतर, तिने आपली गाडी पुन्हा शेडमध्ये ठेवली. शेजारी मामांची होतीच. मी तक्ता काढला. इतकी वर्षं 'अनुभव घेऊन ठरवू'वर अडलेला पाचवा मुद्दा भरायचा होता. डावीकडे लिहिलं: 'टाकी व कार्बोरेटर पूर्ण रिकामे. मामांच्या हाताने.' उजवीकडे लिहिलं: 'टाकी पूर्ण भरलेली. बॅटरी अधूनमधून चार्ज. पुस्तक वाचणे.' दोन्ही बाजूंना सारखे गुण. फार समाधान वाटलं.

चहा करून परत आले, तर पल्लवीने लाल पेनाने तक्त्यात तिसरा रकाना आखून ठेवला होता. वर मथळा: 'आई'. पहिल्या चार मुद्द्यांपुढे 'लागू नाही'. पाचव्यापुढे: 'शेडला कुलूप लावून किल्ली हिच्यापासून लपवणे.' आणि पुढे बरोबरची खूण.

किल्ली कुठे लपवली, हे मात्र तिने कुठेही लिहिलेलं नाही. पद्धतशीर शोध चालू आहे. आतापर्यंत पाहून झालेल्या जागांची यादी केली आहे, एकूण त्रेचाळीस. त्यात सतरा क्रमांकाचा पितळी डबा सापडला. माझ्याच कपाटात होता.